दर पावसाळ्यात बाक डुगडुगतं? पाय तासू नका

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की मला एकाच धाटणीचे निरोप यायला लागतात. "काका, बाक परत डुगडुगायला लागलं. एक पाय अधांतरी आहे. किती तासू?" विचारणारे ठाणे-नवी मुंबईतलेच असतात. हाताच्या हत्यारांनी लाकूडकाम करणारी मंडळी, कुणी घोडबंदर रोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कुणी नेरुळ-घणसोलीच्या रो-हाउसच्या मागे. ज्याच्यावर लाकूड ठेवून रंधा मारायचा ते शंभरेक किलोचं सुतारकामाचं बाक त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं असतं. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

उत्तर आधीच सांगतो: पाय तासू नका. खाली दिलेली तपासणी होईपर्यंत पायाला करवत, रंधा, पॉलिशपेपर काहीही लावू नका. मी ही चूक दोन वर्षं केली. २०२० च्या जुलैत एक तिरपी जोडी अधांतरी झाली म्हणून टेकलेल्या जोडीतला एक पाय दोन मिलिमीटर कापला. बाक छान बसलं. डिसेंबरात नेमकी दुसरी तिरपी जोडी अधांतरी! ती बसवायला पहिल्या जोडीतला पाय कापला. पुढच्या जुलैत पुन्हा पहिलाच प्रकार. ८४० मिमी उंचीचं बाक ८३६ वर आलं आणि डुगडुग होती तिथेच राहिली.

बाक कसं होतं

२०१९ च्या डिसेंबरात ऐरोलीत, घराच्या मागच्या पडवीत मी हे बाक बांधलं. खाडी जवळ, त्यामुळे हवेत ओल कायमची. टॉप सागवानाचा, १८०० मिमी लांब, ५५० रुंद, ७५ जाड, चार फळ्या जोडून केलेला. पाय १०० बाय १०० चे आणि टॉपच्या पुढच्या कडेशी अगदी समपातळीत. फळी उभी धरून तिच्या कडेवर रंधा मारायचा असला की ती टॉपलाही टेकते आणि पायालाही, हा त्याचा फायदा. अठराव्या शतकातल्या रूबो नावाच्या फ्रेंच सुताराने या धाटणीच्या आकृत्या काढून ठेवल्या, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

बांधताना माझ्या डोक्यात एकच होतं: सगळं घट्ट हवं. टॉपच्या खाली पायांना जोडणारे दोन आडवे दांडे, त्यांतून वर टॉपमध्ये आठ स्क्रू, गोल भोकांतून, कचकचून आवळलेले. टॉपच्या वरच्या अंगाला पॉलीयुरेथेनचे तीन हात दिले. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरी सोडली. पुढच्या दोन वर्षांचा सगळा त्रास या दोन निर्णयांतून आला.

लक्षात आलं ते २०२१ च्या गणपतीआधी. मखराच्या चौकटीसाठी पट्ट्या रंध्याने सरळ करत होतो आणि प्रत्येक पट्टीत पीळ राहत होता. आधी रंध्याचं पातं काढून पुन्हा धार लावली. मग दुसरा रंधा घेतला. शेवटी अॅल्युमिनियमच्या दोन सारख्या चौकोनी नळ्या आणल्या, टॉपच्या दोन टोकांना आडव्या ठेवल्या आणि एका टोकाला बसून, एक डोळा मिटून पाहिलं. पुढची नळी आणि मागची नळी एकमेकींना समांतर नव्हत्याच. ५५० च्या रुंदीत चार मिलिमीटरचा पीळ. पट्टी ज्याच्यावर दाबून सरळ करायची तेच पिळलेलं, मग पट्टी सरळ कुठून निघणार?

नेमकं काय हलतंय ते आधी ओळखा

'बाक हलतं' म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

डुगडुगणं म्हणजे एका कोपऱ्यावर दाबलं की त्याच्या तिरप्या समोरचा कोपरा उचलतो. पायाखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, अधांतरी पाय लगेच सापडतो. झुलणं म्हणजे चारही पाय जमिनीला चिकटलेले, पण टॉप रंध्याच्या दिशेने मागेपुढे होतो. पाय आणि आडव्या दांड्याच्या सांध्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढा आणि कुणाला तरी टॉप ढकलायला सांगा. रेघ तुटून मागेपुढे झाली तर सांधा सैल आहे. आणि सरकणं म्हणजे बाक आख्खं टाइल्सवरून निघून जातं. त्यात बाकाचा दोष बहुधा नसतो.

पावसाळ्यात दरवर्षी परत येतं ते डुगडुगणं. झुलण्याची तक्रार उलट जानेवारी ते मेमध्ये येते. तुमची तक्रार कोणत्या महिन्यात सुरू होते एवढं आठवलंत तरी अर्धं निदान होतं.

जमीन की बाक?

बहुतेक जण आधी जमिनीला दोष देतात. पडवीची किंवा बाल्कनीची जमीन मोरीकडे उतरती असते हे खरंच आहे. पण जमीन एकाच दिशेने सरळ उतरती असेल तर बाक डुगडुगत नाही, फक्त कलतं. उतार मध्येच बदलला, कुठे खड्डा किंवा उंचवटा असला, तरच डुगडुगतं.

इथे एक चकवा आहे आणि त्यात मी पुरता फसलो होतो. जमीन की बाक हे ठरवायला मी बाक तिथल्या तिथे अर्धा वळसा फिरवायचो, म्हणजे डावं टोक उजवीकडे. डुगडुग तशीच राहिली की 'बाकाचा दोष' असं ठरवायचो. या तपासणीतून काहीच कळत नाही. अर्ध्या वळशाने तिरपी जोडी स्वतःच्याच जागी येते: पुढचा डावा पाय मागच्या उजव्याच्या जागी, मागचा उजवा पुढच्या डाव्याच्या जागी. म्हणजे दोष जमिनीत असो वा बाकात, तीच जोडी अधांतरी दिसणार.

खरी तपासणी म्हणजे बाक दुसऱ्या जागी नेणं. जड असलं तरी तेवढे कष्ट घ्या, दोघंजण आणि एक जुनी सतरंजी पायांखाली घातली की पुरतं. पडवीत दोन जागी आणि आत हॉलमध्ये एका जागी ठेवून बघा. तिन्ही ठिकाणी बाकाचे तेच दोन पाय साधारण तेवढेच उचलत असतील तर बाक पिळलंय. जागेप्रमाणे पाय बदलत असतील तर जमीन. जमिनीचा दोष निघाला तर आनंदच, एक पाचर घालून मोकळे व्हा.

चार पायांना चार लेव्हलर, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करायचे बोल्ट, लावायचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. चार टेकूंचं डुगडुगणं एकाच पायाची उंची बदलून पूर्ण जातं. त्यासाठी चारही पाय बोल्टांच्या टोकांवर उभे करून बाकाचा भक्कमपणा का घालवायचा? बाभळीची किंवा शिसवीची एक लांब, कमी उताराची पाचर, दहाला एक अशा हिशेबाची (दहा मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर जाडी), लेव्हलरपेक्षा कितीतरी घट्ट बसते.

पाय वाढत नाही, टॉप पिळतो

"पावसाळ्यात पाय फुगतो" असं मी अनुभवी माणसांकडूनही ऐकलं आहे. पाय जाडीला फुगतो हे बरोबर, लांबीला मात्र जवळजवळ नाही. हिरवं, म्हणजे ताजं तोडलेलं, लाकूड पार कोरडं होईपर्यंतसुद्धा रेषांच्या, म्हणजे लांबीत धावणाऱ्या तंतूंच्या, दिशेने ते ०.१ ते ०.२ टक्केच आखडतं. आपल्या ऋतूंच्या फरकात ८४० मिमीच्या पायात फार तर पाव मिलिमीटर, आणि तोही चारही पायांत जवळपास सारखा. त्याने बाक डुगडुगणार नाही.

हलतं ते रुंदीत. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असली की लाकडातला ओलावा ११ टक्क्यांवर स्थिरावतो. ८५ टक्के आर्द्रतेत तो १७-१८ पर्यंत चढायला बघतो. जाड लाकूड इतक्या झटपट बदलत नाही, तरी खाडीकाठच्या उघड्या पडवीत हिवाळा ते ऑगस्ट पाच टक्क्यांचा फरक धरायला हरकत नाही. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी फळीच्या टोकाकडून पाहिल्यावर वाढीची वर्तुळं आडवी झोपलेली दिसत असतील तर ओलाव्याच्या दर टक्क्यामागे रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. ५५० मिमीच्या टॉपमध्ये म्हणजे पाच-साडेपाच मिलिमीटर. वर्तुळं उभी असतील तर निम्म्याच्या आसपास.

हे आकडे माझ्याही घशाखाली उतरत नव्हते, म्हणून टॉपच्या उरलेल्या तुकड्यातून रेषांना आडवी अशी ३०० मिमी लांबीची पातळ पट्टी कापली आणि बाकाशेजारी खिळ्याला टांगली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टीलच्या पट्टीने मोजतो. डिसेंबरातली ३०० ची पट्टी ऑगस्टमध्ये अडीच मिलिमीटरने वाढलेली असते. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर ही पट्टी टांगाच, पैसे पडत नाहीत आणि तुमच्याच जागेचा, तुमच्याच लाकडाचा हिशेब मिळतो.

आता बाकाखाली बघा. टॉप रुंदीत पाच मिलिमीटर वाढायला निघालाय. त्याला खालून धरणारे आडवे दांडे मात्र त्याच दिशेने लांबीत पसरलेले, म्हणजे ते तसूभर वाढणार नाहीत. मध्ये आठ स्क्रू. टॉपला बाजूला सरकता येत नाही, मग तो जिथे वाट मिळेल तिथे वाकतो. त्यातल्या चार फळ्या एकाच झाडाच्या नसतात, एखादीच्या रेषा तिरप्या असतात, एक टोक ओल्या भिंतीजवळ असतं. त्यामुळे नुसता पन्हळीसारखा वाकत नाही, पिळतोही. आणि ७५ मिमी जाडीचा टॉप पिळला की स्क्रूंनी बांधलेल्या पायांना सोबत घेऊनच पिळतो. पाय अधांतरी दिसतो तो यामुळे.

कळव्याचे एक जुने मिस्त्री आहेत, दारं-खिडक्या करण्यात हयात गेलेली. त्यांना मी बाक दाखवायला बोलावलं. त्यांनी आधी टॉपवरून हात फिरवला, मग खाली वाकून खालच्या अंगावरून फिरवला.

"भाऊ, वरून पॉलिश आणि खालून कोरं? एक नाकपुडी बंद केलीत लाकडाची."

मी म्हटलं, "मिस्त्री, पण खालून पाणी लागतच नाही."

"पाणी नाय, हवा लागते ना. पावसाळ्यात दार फुगलं की लोक मला रंधा मारायला बोलावतात. मी सांगतो, दिवाळीपर्यंत थांबा. नाय थांबत. मग उन्हाळ्यात त्याच दाराला बोटभर फट. तुम्ही पायाला तेच करताय."

त्यांचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं निघालं. कोरं अंग पावसाळ्यात ओल भराभर ओढतं, पॉलिश केलेलं सावकाश. खालचा भाग जास्त फुगतो, कडा वर उचलतात आणि टॉप मध्ये खोलगट होतो. कोरड्या दिवसांत उलटा खेळ.

खात्रीची तपासणी: स्क्रू सैल करा

भर पावसाळ्यात, बाक डुगडुगत असताना, टॉपचे सगळे स्क्रू किंवा बोल्ट दोन-दोन फेरे सैल करा. काढू नका, फक्त सैल. माझ्याकडे पाचव्या स्क्रूला खाडकन आवाज झाला आणि मागचा पाय जमिनीवर आला. दोन वर्षं ज्याला तासत होतो तो पाय मुळात बरोबर होता.

तुमचाही पाय असा खाली आला तर निदान पक्कं. सैल करूनही पाय अधांतरीच राहिला तर मात्र पाय-दांड्यांची चौकटच पिळलेली आहे, किंवा आधीच्या तासण्याने पाय कमी-जास्त झालेत. तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, पायांच्या लांबीचा विचार करायचा. तोही कापून नव्हे. आखूड पायाखाली सागवानाचा तुकडा चिकटवून.

दुरुस्ती

टॉपची पुढची बाजू पक्की ठेवायची, मागची मोकळी. पुढची कडा पायांशी समपातळीत राहायला हवी म्हणून तिथे हालचाल नको. तिथले स्क्रू गोल भोकांतच राहू द्या. मागच्या रांगेत मात्र आडव्या दांड्यातली भोकं बाकाच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा. मी ८ मिमीच्या बोल्टसाठी १६ मिमी लांबीची खाच केली: दोन भोकं शेजारी पाडायची, मधला भाग बारीक पटाशीने काढायचा, कानशीने गुळगुळीत करायचं. खाली मोठा वॉशर आणि त्याच्याखाली स्प्रिंग वॉशर. बोल्ट इतकाच आवळायचा की वॉशर हाताने फिरवायला जोर लागेल, पण फिरेल.

या खाचेत बोल्ट कुठे उभा करायचा हे महिन्यावर ठरतं आणि इथे अनेकांचं चुकतं. हिवाळ्यात काम करत असाल तर बोल्ट खाचेच्या पुढच्या टोकाजवळ हवा, कारण पावसाळ्यात टॉप मागे वाढणार आहे. ऑगस्टमध्ये करत असाल तर मागच्या टोकाजवळ. बोल्ट मधोमध ठेवला आणि खाच तोकडी पडली, तर काही महिन्यांत तो टोकाला अडकतो आणि सगळं पूर्वीसारखं होतं.

आठ जागी बांधण्याचीही गरज नाही. टॉप माझ्या हिशेबाने ४८ किलोचा आहे, स्वतःच्या वजनानेच बसतो. आता चारच बोल्ट आहेत, पुढे दोन, मागे दोन. टॉपमध्ये थोडा पीळ उरला आणि एका पायावर मिलिमीटरभर फट दिसली तर बोल्ट आवळून ती मिटवू नका. तिथे चामड्याची किंवा पातळ प्लायची चकती सरकवा. फट मिटवायला आवळलंत की तो पीळ पुन्हा पायात उतरला.

मग फिनिश. वरचं पॉलीयुरेथेन मी स्क्रेपरने पूर्ण काढून टाकलं. तसंही त्यावर काम निसटत होतं. दोन्ही अंगांना एकसारखे, पातळ दोन हात दिले, अळशीचं उकळलेलं तेल आणि वार्निश यांच्या मिश्रणाचे. नुसतं कच्चं अळशीचं तेल आपल्याकडे लावू नका, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. टोकांना चार-पाच हात द्या, कारण टोकाच्या उघड्या रेषांतून ओल बाजूच्या अंगापेक्षा अनेक पटींनी लवकर आत जाते. पायांच्या तळव्यांनाही. पडवी धुतली की पाणी तिथूनच चढतं. मी तळव्यांना इपॉक्सी फासून खाली रबराचे तुकडे चिकटवले आहेत. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेते. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेका.

शेवटचं, भिंत. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर बाक वीतभर पुढे ओढा. खालच्या फळीवर सामान टॉपपर्यंत ठासून भरू नका, हवा खेळायला हवी.

टॉप सपाट करायचा तर कधी?

जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नाही, कितीही हात शिवशिवले तरी. फुगलेल्या लाकडाला सपाट केलंत तर जानेवारीत तेच मध्ये उंच किंवा खोल होणार. एप्रिल-मेही नको. ओलावा वर्षाच्या मधल्या पातळीवर असतो तेव्हा करायचं, म्हणजे फरक दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा वाटला जातो. आपल्याकडे पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो, पण जाड टॉपला ती ओल सोडायला वेळ लागतो. माझ्या टांगलेल्या पट्टीवरून मी दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे सोडून मगच रंधा हातात घेतो. स्क्रूंच्या दुरुस्तीनंतर निदान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. टॉप मोकळा झाल्यावर बराचसा पीळ आपोआप जातो, तो आधीच रंधून काढलात तर लाकूड फुकट गेलं.

सपाट करताना आधी दोन नळ्या ठेवून पीळ बघा, उंच असलेले दोन तिरपे कोपरे पेन्सिलीने रेघाळा आणि तेवढेच उतरवा. मग जाड ढलप्या काढणारा रंधा रेषांना आडवा-तिरपा मारत पूर्ण टॉप एका पातळीत आणा. शेवटी लांब रंधा लांबीच्या दिशेने. रुंदीत अर्धा मिलिमीटर खोलगटपणा राहिला तर सोडून द्या, त्याने काम बिघडत नाही. लांबीत मधे उंचवटा मात्र चालत नाही, त्यावर ठेवलेली पट्टी डोलते. पुढच्या कडेपासून हातभर रुंदीचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा, रंधा मारायचं बहुतेक काम तिथेच होतं. त्या पट्ट्यावर सरळ नळी ठेवली की खालून व्हिजिटिंग कार्ड सरकता कामा नये.

पीळ दरवर्षी त्याच जागी, तेवढाच येत असेल तर एखादी फळी बदमाश आहे. तिच्या रेषा बघा. अशा टॉपला खरा उपाय एकच: सगळ्या फळ्या टॉपच्या जाडीएवढ्या रुंद पट्ट्यांत चिरायच्या, प्रत्येक पट्टी काटकोनात उभी करायची आणि पुन्हा सरस लावून जोडायची. आडवी झोपलेली वर्तुळं उभी होतात आणि रुंदीतली हालचाल जवळपास निम्म्यावर येते. नवं बाक बांधणाऱ्याने पहिल्यापासून असंच करावं, असं मी आग्रहाने सांगेन. वेळ जास्त जातो, सरस जास्त लागतो, पण दर जुलैची चिंता राहत नाही.

जानेवारीत झुलणारं बाक

ज्यांनी दांडे बोल्टने जोडलेत त्यांचा हा त्रास. बोल्ट १०० मिमीच्या पायातून आडवा जातो. पावसाळ्यात तो पाय जाडीला मिलिमीटरभर फुगू पाहतो, बोल्ट ताणला जात नाही, मग वॉशरखालचं लाकूडच चेपलं जातं. हिवाळ्यात पाय आखडतो, चेपलेलं लाकूड परत वर येत नाही, बोल्ट सैल. छोट्या वॉशरऐवजी ५० मिमीची जाड लोखंडी चकती घाला आणि तिच्यावर वाटीसारखा स्प्रिंग वॉशर. असं लोखंडी सामान कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या आसपास कापून मिळतं. त्यानंतर वर्षातून एकदा, जानेवारीत आवळायचं. पावसाळ्यात आवळायचं नाही.

कुसवाचे सांधे असतील, म्हणजे दांड्याचं बारीक केलेलं टोक (कुसू) पायाच्या खाचेत बसवलेलं असेल, तर सरसाच्या भरवशावर राहू नका. आरपार खुंटी मारा, आणि कुसवातलं भोक खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे दांड्यातून सुरू होतं तिकडे, दीड-दोन मिलिमीटर सरकवून पाडा, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप ओढला जातो. खुंटी पूर्ण वाळलेल्या लाकडाची हवी. ओली खुंटी वाळली की आतच आखडते.

सरकणारं बाक

रंध्याची धार बघा आधी. बोथट पात्याला माणूस ढकलतो, आणि बाक चालू लागतं. धार ठीक असेल तर पायांखाली रबर आणि खालच्या फळीवर वजन. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्पा याला उत्तम: ९०० बाय ४५० चा, २० मिमी जाडीचा एक तुकडा वीस-बावीस किलो भरतो. असे दोन ठेवले की प्रश्न मिटतो.

पॅलेटच्या लाकडाबद्दल

न्हावाशेवा बंदर जवळ असल्याने तळोजा-उरणकडे पॅलेटचं आणि खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, आणि अनेक जण त्याचं बाक करतात. करा, चांगलं होतं. पण त्यावरचा 'एचटी' शिक्का बघून लाकूड वाळलेलं आहे असं समजू नका. त्या शिक्क्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं आहे, कीड मरावी म्हणून. ओलावा त्यातून जातोच असं नाही. चिरून, मध्ये पट्ट्या घालून, पंख्याच्या वाऱ्यावर निदान तीन-चार महिने ठेवा. 'एमबी' शिक्का असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडने धुरी दिलेलं लाकूड, ते घेऊ नका.

आत्ता जुलै आहे आणि काम अडलंय, तर

मागचे स्क्रू सैल करा. पाय खाली आला तर तसंच काम सुरू ठेवा, खाचा नंतर करा. पुढचे स्क्रू सोडू नका, टॉप जागेवरून हलेल. पाय खाली आला नाही तर पाचर घाला आणि ज्या पट्टीवर रंधा मारताय तिच्याखाली कागदाच्या घड्या घालून तिला नीट टेकू द्या. अशा पट्ट्याही सरळ निघतात, फक्त प्रत्येक पट्टीला दोनदा तपासावं लागतं.

माझी पाचर बाभळीची आहे, बाकाच्या मागच्या डाव्या पायाजवळच ठेवलेली. ती किती आत गेली तिथे पेन्सिलीने खूण करून बाजूला महिना लिहायची सवय आहे. २०२१ च्या ऑगस्टची खूण टोकापासून ४० मिमीवर आहे, म्हणजे चार मिलिमीटरची फट. २०२२ च्या ऑगस्टची ६ मिमीवर. त्यानंतरच्या पावसाळ्यांत तिच्यावर नवी खूण करावी लागलेली नाही.